पाणी न शिरणारा डबा

लाइल टॉरविकने बसवलेल्या खिडकीतून वारा येतो, असं म्हणणारा माणूस लिंडालमध्ये शोधून सापडायचा नाही. उत्तर मिनेसोटात, कॅनडाच्या सरहद्दीला टेकलेल्या आमच्या गावात, ही काही लहानसहान अब्रू नव्हे. इथे थंडी दाराच्या फटीतून आत येते आणि म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊनच बाहेर पडते. लाइलच्या उमेदीची सगळी वर्षं गावाबाहेरच्या खिडक्यांच्या कारखान्यात गेली. काचेच्या कडेने सिलिकॉन भरायचं, ओल्या बोटाने कड सारखी करायची आणि पुढची चौकट ओढायची. त्या कामात तोंड उघडावं लागत नव्हतं, आणि लाइलला ते फार सोयीचं होतं.

आमचे पणजे नॉर्वेहून बोटीने आले, तेव्हा त्यांनी ट्रंकांमधून काय काय आणलं ते चर्चच्या तळघरात मांडून ठेवलंय. गप्प बसायची सवय मात्र घरोघर वाटली गेली, आणि लाइलच्या वाट्याला ती जरा जास्तच आली. त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसभर पोरांशी आणि पातेल्यांशी बोलून तिचं पोट भरायचं नाही. "ह्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," ती चर्चच्या कॉफीला बायकांना सांगायची, "भिंतीला निदान कान तरी असतात."

घरात बोलणं जरा जड व्हायला लागलं की लाइल खुर्चीवरून उठायचा. "गॅरेजमध्ये जरा बघून येतो," म्हणायचा. काय बघून येतो ते मार्लिसने कधी विचारलं नाही. गॅरेजमध्ये त्याची मोटारसायकल होती, सहा सिलिंडरची जुनी गोल्डविंग, मागे आरामखुर्चीसारखी सीट आणि त्यामागे सामानाची डिकी. हिवाळ्याचे सहा महिने ती चादरीखाली असायची आणि उरलेल्या दिवसांत दर रविवारी चर्च सुटलं की दोघं निघायची. दोघांच्या हेल्मेटमध्ये माइक आणि स्पीकर होते. मार्लिस मागे बसायची आणि तिचा आवाज थेट लाइलच्या कानात पडायचा. गाडीवर त्याला पळून जायला गॅरेज नव्हतं. त्यांच्या संसारातलं जे काही महत्त्वाचं बोलणं झालं, ते तिने त्याच्या पाठीशीच केलं. दुसऱ्या बाळाची आशा सोडली तेही, आणि त्याच्या आईला वृद्धाश्रमात ठेवायचं तेही. लाइल "हं" म्हणायचा, आणि तिला त्या "हं"चे निरनिराळे अर्थ कळायचे.

मग डॅरिन गेला.

एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा. लाइलने त्याला कारखान्यात चिकटवून दिला होता. नाताळच्या आधी त्याने नोकरी सोडली आणि शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना मासेमारीला नेण्याचा धंदा काढला. "माशांवर कुणाचं घर चाललंय?" एवढं एकच वाक्य लाइल बोलला. डॅरिनही टॉरविकच. त्याने कोट उचलला आणि निघून गेला. त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मार्चअखेर गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या झोपड्या काढायची मुदत संपत आली. तेव्हा बर्फ वरून पांढराशुभ्र दिसतो आणि खालून कुजलेला असतो. डॅरिन बर्फावरची स्कूटर घेऊन आपली शेवटची झोपडी ओढून आणायला गेला आणि तिच्यासकट खाली गेला.

त्या दिवशी सकाळी त्याचा घरी फोन आला होता. लाइलने गॅरेजमध्ये घंटी ऐकली होती, पण हात तेलाचे होते, आणि फोन त्याचा असला तर, म्हणून तो उठून घरात गेला नाही. मार्लिसने घेतला. काय बोलणं झालं ते लाइलने विचारलं नाही. संध्याकाळनंतर तर विचारायची हिंमतच उरली नाही.

त्या उन्हाळ्यात मार्लिस गाडीवर बसली की डॅरिनबद्दल बोलायची. त्याने पकडलेला पहिला मासा, जो त्याने स्वतःच्या अंघोळीच्या टबात आणून सोडला होता. पुढचे दात पडलेले असताना नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाला होता, ते. हळू आवाजात, जणू झोपलेल्या पोराला जाग येऊ नये अशी ती बोलायची. लाइलचे डोळे भरून यायचे, आणि साठ मैलांच्या वेगात हेल्मेटमध्ये हात घालून डोळे पुसता येत नाहीत. रस्ता पुसट व्हायचा. त्याला तिचा राग यायचा आणि रागाची लाज वाटायची.

एका रविवारी ती म्हणाली, "लाइल, त्या सकाळी फोनवर तो तुझ्याबद्दल..."

"ट्रक येतोय पुढून," लाइल म्हणाला.

"येऊ दे की. मी काय म्हणत होते..."

"मार्लिस, मला रस्ता बघू दे."

रस्ता कॅनडापर्यंत रिकामा होता. मार्लिसला तो दिसत होता. त्या दिवशी ती पुढे काही बोलली नाही, पण तिने ते वाक्य टाकून दिलं नव्हतं. नुसतं उचलून ठेवलं होतं. लाइलला ते कळत होतं आणि पुढच्या रविवारची धास्ती वाटत होती. असा आणखी एक उन्हाळा त्याने ट्रक आणि हरणं दाखवून कसाबसा काढला.

त्या शरदात त्याने सॅटेलाइट रेडिओ मागवला. आमच्या भागात साधा रेडिओ गावापासून थोडं दूर गेलं की खरखरतो आणि झाडांमध्ये शिरलं की मरतो. हा आकाशातून येतो, त्याला गाव नाही की टेकडी नाही. कुठेही जा, खंड पडायचा नाही. लाइलला नेमकं तेच हवं होतं.

व्हर्लिन हा त्याचा जुना मित्र, टेलिफोनच्या खांबांवर चढून म्हातारा झालेला. तो कॉफीचा थर्मास घेऊन गॅरेजमध्ये आला आणि रेडिओ उलटसुलट करून बघू लागला.

"अरे, हा मोटारीच्या काचेमागे ठेवायचा रेडिओ. मोटारसायकलवर लावणार?"

"लावणार."

"पाऊस?"

"डबा करणार."

"डबा करणार म्हणे! आणि अँटेना? हिच्या बुडाला लोहचुंबक आहे. तुझी डिकी प्लास्टिकची. काय थुंकी लावून चिकटवणार?"

लाइलने पत्र्याची एक चकती दाखवली. ती त्याने आधीच कापून, कडा घासून ठेवली होती. ती डिकीच्या झाकणावर चिकटली, तिच्यावर अँटेना बसली, अगदी आकाशाकडे तोंड करून, मार्लिसच्या डोक्याच्या मागे. तिथून बारीक वायर सीटखालून पुढे आली. वायर जिथे जिथे लोखंडाला घासेल तिथे तिथे त्याने रबरी नळीचा तुकडा चढवला. हँडलच्या मधोमध गोळ्यावर फिरणारी पकड बसवली, वीज घ्यायला वेगळा फ्यूज टाकला.

डब्यासाठी त्याने स्वयंपाकघरातून मार्लिसचा प्लास्टिकचा डबा आणला. चर्चच्या जेवणाला ती त्यातून लिंबाच्या वड्या न्यायची. झाकण पारदर्शक होतं, आतले आकडे दिसले असते.

"माझा डबा!" मार्लिस दारातून ओरडली. "घरात दुसरं काही मिळालं नाही?"

"ह्याचं झाकण घट्ट बसतं."

"मग आता वड्या तुझ्या टोपीतून नेऊ?"

व्हर्लिन हसला. लाइलने डब्याला भोक पाडलं, वायरी आत घेतल्या आणि जुन्या सवयीच्या हाताने सिलिकॉनची नळी उचलली. कारखान्यातून निवृत्त होताना आणलेला तोच माल, काचेला लावायचा. आंबट वास गॅरेजभर पसरला. त्या वासात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्याला तो भाकरीच्या वासासारखा घरचा वाटायचा. वायरींभोवती, झाकणाच्या कडेने, स्क्रूंच्या टोकांवर त्याने ते भरलं आणि ओल्या बोटाने सारखं केलं. ओलसरपणा शोषायला बुटांच्या खोक्यातली मण्यांची पुडीसुद्धा आत ठेवली. वाळायला वेळ द्यायचा असतो, पण त्याला चैन पडेना. ओलं असतानाच त्याने झाकण लावून टाकलं.

"खाली एक भोक ठेव," व्हर्लिन म्हणाला. "पाणी कुठून ना कुठून शिरतंच. शिरलं तर जायला वाट हवी."

"माझ्या हातून पाणी शिरत नाही."

"बरं बाबा. राहिलं."

दोन हजार सहाच्या मे महिन्यात पाद्र्याने चर्चच्या अंगणात सगळ्या मोटारसायकली ओळीने उभ्या करून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थना अर्ध्यावर असतानाच पाऊस कोसळला. सगळे चर्चमध्ये पळाले, लाइल एकटा गाडीपाशी उभा राहिला. झाकणावर पाणी नाचत होतं आणि आत आकडे निळे निळे चमकत होते. थेंबसुद्धा आत गेला नाही. कित्येक महिन्यांनी तो हसताना दिसला.

रेडिओ दोघांच्या हेल्मेटमध्ये वाजायचा, पण मागच्या सीटला आवाजाची वेगळी कळ होती. मार्लिसने पहिल्याच दिवशी ती पार खाली केली. "तुझा तू ऐक," म्हणाली. लाइल बेसबॉलची मॅच ऐकायचा. पण हेल्मेटच्या त्या यंत्राची एक खोड होती. मागचं माणूस बोललं की रेडिओ आपोआप गप्प होऊन त्याचं बोलणं ऐकू यायचं. मॅच रंगात आलेली असायची, आणि एकदम निवेदक गप्प होऊन कानात मार्लिस यायची, "डॅरिनला हे पिवळं घर आवडायचं, आठवतं?" किती मोठ्याने बोलल्यावर रेडिओने गप्प व्हायचं, ते सीटखालच्या एका छोट्या कळीवर ठरायचं. जूनमध्ये एका संध्याकाळी लाइलने सीट उचलली आणि ती कळ फिरवली. वाऱ्याच्या आवाजानेसुद्धा रेडिओ मध्येच गप्प होतो, असं त्याने स्वतःला समजावलं. मोठ्याने हाक मारली तर ऐकू येईल, हळू बोललेलं येणार नाही, एवढी फिरवली. मार्लिसला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, सांगितलं नाही.

त्यानंतर रविवार शांत गेले. "पेट्रोल भर," "हरीण बघ," एवढं ती मोठ्याने बोलायची आणि ते ऐकू यायचं. बाकी ती गप्प झाली, असं लाइलला वाटलं. ती गप्प झाली नव्हती. उत्तर न मिळायची तिला सवयच होती.

जुलैत दोघं सुपिरियर सरोवराच्या काठाने निघाली. डाव्या हाताला खडक, उजवीकडे पोलादाच्या रंगाचं पाणी, त्याला पलीकडचा काठ नाही. मॅच शेवटच्या डावात बरोबरीला आली होती. चेंडू कुंपणापार गेला, हजारो माणसं कानात ओरडली, आणि लाइलने आनंदाच्या भरात डावा हात मागे नेऊन मार्लिसचा गुडघा घट्ट दाबला. तिने दोन्ही हातांनी त्याला कवळलं आणि हेल्मेट त्याच्या पाठीला टेकवलं. बराच वेळ ती तशीच राहिली. हिलाही मॅचची गोडी लागली वाटतं, असं त्याच्या मनात आलं.

पुढे फळं भरून भाजलेल्या 'पाय'च्या दुकानापाशी दोघं उतरली. मार्लिसचे डोळे लाल होते.

"वाऱ्याने?" लाइलने विचारलं.

"वाऱ्याने." तो आणखी काही बोलणार, तोच तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "आता काही बोलू नकोस. काही बोलायची गरज नाही."

न बोलण्याची परवानगी लाइलने कधी परत केलेली नाही. त्याने दोन ब्लूबेरीचे 'पाय' मागवले.

त्या दिवसापासून मार्लिस बदलली. भांडी घासताना ती स्तोत्रं गुणगुणू लागली. डॅरिनचे शर्ट तिने धुऊन, इस्त्री करून चर्चच्या विक्रीला दिले आणि त्यातला एक अंगात घातलेला पोरगा दुकानात दिसला, तर त्याची कॉलर सरळ करून आली. लाइल बघत राहिला. त्याला वाटलं होतं, हे ओझं दोघांनी मिळून उचललंय. तिने आपली बाजू खाली ठेवली होती, आणि सगळा भार त्याच्या एकट्यावर आला होता. ऑगस्टमध्ये तो तळ्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवू लागला. सप्टेंबरात त्याला डॅरिनचा आवाज आठवेना, आणि तो घाबरला. आता मार्लिसने बोलावं असं त्याला वाटू लागलं. तो मासा, तो मेंढपाळ, आणि फोन. त्या सकाळी पोरगा आपल्याबद्दल काय म्हणाला, ते त्याला हवं होतं. पण ज्या माणसाने तीन उन्हाळे तोंड फिरवलं, त्याने आता कोणत्या तोंडाने विचारायचं? रेडिओ बंद करणंसुद्धा त्याला कबुली दिल्यासारखं वाटत होतं.

शेवटी रेडिओनेच त्याची सुटका केली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, ऊन पडलेलं, ढगाचा पत्ता नाही, आणि निवेदक बोलता बोलता एकदम गेला. आकडे विझले. लाइलने बटणं दाबली, डब्याला चापट मारली, काही नाही. पेट्रोल पंपावर मार्लिस आत गेली तेव्हा त्याने सीट उचलली आणि ती छोटी कळ पूर्ण उलट फिरवली.

परत रस्त्याला लागल्यावर त्याला तिचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला.

"मार्लिस."

"काय रे?"

"रेडिओ गेला."

"असू दे."

पिवळी पडलेली झाडं मागे जात राहिली. लाइलने दोनदा घसा खाकरला.

"काहीतरी बोल ना. डॅरिनबद्दल बोल."

ती हसली, प्रेमाने.

"आता तुला सुचलं होय? माझं सगळं सांगून झालंय रे. त्या दिवशी, सरोवराच्या काठाने. फोनवर तो तुझ्याबद्दल जे बोलला, ते सांगितलं आणि माझं संपलं. इतके दिवस छातीत दगड घेऊन फिरत होते. शब्दन् शब्द सांगितला तुला. वाटत होतं, तू पुन्हा ट्रक दाखवशील. पण तू सगळं ऐकून घेतलंस आणि माझा गुडघा दाबलास. मला तेवढं पुरलं, लाइल."

लाइलच्या हातात हँडल होतं म्हणून तो पडला नाही.

"परत सांगशील?" त्याने विचारलं.

"नको रे. ते एकदाच जमलं मला. परत तोंडातून काढलं तर मी पुन्हा तिथेच जाऊन पडेन. तू ऐकलंयस ना, मग झालं."

"हं," लाइल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हर्लिन आला. सुरीने सिलिकॉन कापून त्याने झाकण उचकटलं, तसा आतून आंबट भपका आला, काकडीच्या लोणच्याची बरणी उघडावी तसा. डबा आतून कोरडा ठणठणीत होता. पण रेडिओच्या मागच्या जोडावर आणि तांब्याच्या प्रत्येक टोकावर हिरवा थर चढला होता.

"अरे माझ्या राजा," व्हर्लिन म्हणाला, "हा काचेचा माल ना? वाळताना ह्याची आंबट वाफ निघते. काचेचं काही बिघडत नाही, तांब्याला खाऊन टाकते. तू ओल्यावर झाकण लावलंस. बाहेरचं काही आत गेलं नाही खरं, पण आतलं बाहेर जायलाही वाट नव्हती. एक भोक ठेव म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"नवा घे. ह्या वेळी मी डबा करतो." थर्मास उचलून व्हर्लिन गेला.

मार्लिस कॉफी घेऊन आली तेव्हा लाइल हिरवा थर बोटाने खरवडत बसला होता. आज सांगायचं, असं त्याने रात्रभर ठरवलं होतं. मी कळ फिरवली होती, मी एक शब्दही ऐकलेला नाही. मग ती रडेल, चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही, पण कदाचित कधीतरी पुन्हा सांगेल. त्याने वाक्य जुळवलं होतं. त्याने मान वर केली.

"माझा डबा वाया गेलाच शेवटी," ती डब्यात डोकावून म्हणाली. मग त्याच्या शेजारच्या स्टुलावर टेकली. "नवा घे रे तू रेडिओ. तुला मॅच आवडते. आणि एक सांगू? त्या दिवशी सरोवरापाशी शेवटचा डाव चालू होता ना? मला रात्री बातम्यांत कळलं, काय मॅच झाली ते. आणि तू रेडिओ बंद ठेवून माझं ऐकत होतास. मी तुझ्याबद्दल बायकांमध्ये काय काय बोलले असेन, पण ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

ती त्याच्याकडे बघत होती. दोन वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत त्याने पाहिला नव्हता. जुळवलेलं वाक्य लाइलच्या घशापर्यंत आलं.

"बंद ठेवला होतास ना?"

"हो," लाइल म्हणाला. "बंद ठेवला होता."

तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि सकाळचा रिकामा कप घेऊन ती घरात गेली. लाइल गॅरेजमध्येच बसून राहिला. पोरगा जाताना बापाबद्दल काय बोलून गेला, ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि भिंतीपलीकडे नळाखाली कप विसळत ती गुणगुणत होती.